मदत हवी आहे: आईची बायपास, पायातली नस दुर्बिणीने काढावी की चीर देऊन?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावजवळचे. आईचं वय 64, शुगर 18 वर्षांची, वजन 78 किलो. गेल्या आठवड्यात मिरजेत अँजिओग्राफी झाली, तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज निघाले. बायपास करायची हे ठरलंय, त्यावर सल्ला नकोय. अडलंय ते पायाच्या नसेपाशी.

तीन ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकेजला वळसा घालून रक्त नेणाऱ्या जोडवाहिन्या, लागणार. एक छातीच्या आतली धमनी, ती टिकाऊ. बाकी दोन पायातल्या लांब नसेचे. ती एकतर पायाला लांबलचक चीर देऊन काढतात, नाहीतर गुडघ्याजवळ दोन-तीन सेंटीमीटर कापून दुर्बिणीने. दुर्बिणीचं किट पॅकेजबाहेर आहे. पैशांचं बघता येईल, बेदाणा अजून कोल्ड स्टोरेजला आहे. पण दुर्बिणीत नस ओढाताणीने दुखावते आणि ग्राफ्ट लवकर बंद पडतो, असं मामांनी डोक्यात भरवलंय. उलट शेजारच्या काकांची चीर दोन महिने चिघळली होती. छातीचं ते विसरले, पायाचं ड्रेसिंग अजून सांगतात.

शिवाय आईच्या डाव्या पायाच्या नसा फुगून वर आल्यात. हाताची धमनीही घेतात म्हणे, पण अँजिओग्राफी उजव्या मनगटातूनच झाली. कुणाला अनुभव?

उत्तर 1
दादा, मी ऑपरेशन थिएटरमध्ये फिजिशियन असिस्टंट आहे, नस काढणं हेच काम. मामांची भीती हवेतली नाही. 2009 मध्ये एका मोठ्या अभ्यासात दुर्बिणीने काढलेल्या नसा जास्त बंद पडलेल्या दिसल्या होत्या. पण तिथे कोणाची नस कशी काढायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. तशी चाचणी अमेरिकेत 1150 रुग्णांवर झाली, निकाल 2019 चा. पावणेतीन वर्षांच्या आसपास मृत्यू, हार्ट ॲटॅक, पुन्हा प्रोसिजर यांत ठळक फरक नाही. पायाच्या जखमेत इन्फेक्शन मात्र चिरेत 3.1 टक्के, दुर्बिणीत 1.4. खोच अशी की त्यात जवळजवळ सगळे पुरुष होते आणि नस काढणारे हात मुरलेले. म्हणून सर्जनना ‘दुर्बीण चांगली का’ विचारू नका. नस काढणार कोण आणि आजवर किती काढल्यात, ते विचारा. नवखा हात असेल तर सरळ चीर बरी.

नो-टच म्हणून स्वीडनकडची एक पद्धत आहे, भोवतीची चरबी न सोलता आणि न फुगवता नस काढतात. ग्राफ्टला चांगली, पण पायाला जखम जास्त. तुमच्या आईंची शुगर आणि वजन बघता मी त्या वाटेला गेलो नसतो. दोन्ही पायांचं डॉपलर, म्हणजे नसांची सोनोग्राफी, करून घ्या. फुगलेली नस चालत नाही. उजव्या मनगटाची धमनीही सोडा, तिथून तार गेलीये.

उत्तर 2
साताऱ्याहून. माझ्या सासूबाईंची चिरेवाली. घोट्याच्या आतल्या बाजूला वर्षभर बधिर होतं, पाय सुजायचा. बसताना पाय स्टुलावर, शुगर रोज बघायची. काढलेल्या नसेचं काम बाकीच्या नसा करतात, त्याची काळजी नको.

मूळ लेखक
ताई, दादा, आभार. डॉपलर उद्या सांगलीत. डावा पाय बाद झाला तर उजव्या एकट्यातून दोन ग्राफ्टपुरती नस निघते का?

उत्तर 1
नस चांगली असेल तर आरामात निघते. रिपोर्ट आला की इथे टाका.