लंडनमधल्या कॅरिबियन वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनिया जास्त का?

चिकित्सक: इंग्लंडमधल्या एसॉप (मनोविकाराच्या नव्या रुग्णांच्या) अभ्यासात आफ्रो-कॅरिबियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचं) प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे ९ पट निघालं. हा आनुवंशिकतेचा भाग की समाजाबाहेर ठेवलं जाण्याचा?

मेंदूवाला: निव्वळ आनुवंशिक नाही. जमैका, त्रिनिदादमध्ये प्रमाण एवढं चढं नाही. २००५ च्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात पहिल्या पिढीच्या स्थलांतरितांत धोका २.७ पट, तर स्वतः स्थलांतर न केलेल्या दुसऱ्या पिढीत ४.५ पट! म्हणजे नुसता स्थलांतराचा ताण म्हणून हे सुटत नाही.

चिकित्सक: डॉक्टरांचा पूर्वग्रह?

आकडेमोड: एसॉपमध्ये निदान करणाऱ्या मंडळाला रुग्णाचा वंश सांगितलाच नव्हता. वस्तीही बघा. दक्षिण लंडनवरच्या २००१ च्या अभ्यासात अल्पसंख्य जिथे विरळ, तिथे त्यांच्यात आजार जास्त आढळला. शेजारी आपली माणसं असली की अपमान पचत असावा. आणि ९ पट ऐकून घाबरू नका, मूळ धोकाच लहान आहे.

मेंदूवाला: सेल्टन आणि कँटर-ग्रे या संशोधकांची ‘सामाजिक पराभवा’ची मांडणी अशी: सतत परकं ठरवलं गेल्याने मेंदूतली डोपामाइन या रसायनाची यंत्रणा अतिसंवेदनशील होते. पटण्याजोगी आहे, पण सिद्ध नाही. खरी गोची वेगळीच. आजाराच्या सुरुवातीला माणूस आपणहून तुटतो, त्यामुळे लक्षणं दिसण्यापूर्वीचं एकटेपण मोजलं नसेल तर कारण-परिणाम उलटे वाचले जातात.