मदत हवी आहे: खेळातले घरचे नियम ठरवायचे कोणी, डीएमने की सगळ्यांनी मिळून?

आम्ही पाच जण डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ खेळतो, २०१४ च्या नियमांवर. मी डीएम (डन्जन मास्टर), म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा. आजवर घरचे नियम, म्हणजे पुस्तकातल्या नियमांत आम्ही केलेले बदल, मीच ठरवत आलो आणि कोणाची तक्रार नव्हती. उदाहरणार्थ, पुस्तकाप्रमाणे औषधाची कुपी प्यायला पूर्ण अ‍ॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाते, आम्ही ती बोनस अ‍ॅक्शनमध्ये (छोट्या जादा कृतीत) पिऊ देतो. (२०२४ च्या आवृत्तीत तोच अधिकृत नियम झाला, तेव्हा मी जरा भाव खाल्ला!)

घोडं अडलंय ते नॅचरल २० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर थेट २० पडतात तेव्हा. पुस्तकात २० पडल्यावर हमखास यश हल्ल्याच्या फाशाला आहे, कौशल्याच्या चाचणीला (कोणाला पटवणं वगैरे) नाही. गेल्या खेळात एकाने राजाला 'तुझं राज्य मला दे' म्हणून पटवायचा प्रयत्न केला आणि नेमके २० पडले. मी म्हटलं, राजा हसून सोडून देतो. तो म्हणाला, मग फासा टाकायलाच का सांगितलास? खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता.

आता त्याला प्रत्येक नियम मतदानाने हवाय. पण ऐन लढाईत मत मागत बसलं तर खेळाची मजाच जाते. शिवाय नियम ज्याच्या पात्राच्या फायद्याचा, तो हात वर करणारच. उलट सगळं मीच ठरवलं तर मनमानी वाटते, हेही कळतं.

तुमच्याकडे शेवटचा शब्द कोणाचा? मोहीम (अनेक बैठका चालणारी गोष्ट) अर्ध्यावर असताना नियम बदलता का? आणि डीएमचा निर्णय चुकला तर झालेलं मागे फिरवता की पुढच्या वेळेपासून सुधारता?