मदत हवी आहे: ग्लासगोच्या जुन्या बोळांचा फोटो हॉलमध्ये लावू का? आणि प्रिंट कशी करून घेऊ?

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला राहतो, गेल्या वर्षी डेनिस्टनमध्ये जुन्या दगडी टेनेमेंटमधला, म्हणजे इथल्या अनेक बिऱ्हाडांच्या इमारतीतला, फ्लॅट घेतला. हॉलची एक मोठी भिंत रिकामी आहे आणि मला तिथे थॉमस अ‍ॅनन या जुन्या फोटोग्राफरने काढलेला फोटो लावायचाय. माहीत नसेल त्यांच्यासाठी, १८६६ ला इथे कायदा झाला की शहराच्या मधल्या खच्चून भरलेल्या वस्त्या पाडायच्या, आणि पाडण्याआधी त्यांची नोंद राहावी म्हणून ते काम बघणाऱ्या ट्रस्टने अ‍ॅननला फोटो काढायला सांगितलं. १८६८ ते १८७१ मध्ये त्याने हाय स्ट्रीट, सॉल्टमार्केट वगैरे भागातले बोळ टिपले, इथे बोळाला क्लोज म्हणतात. दोन्ही बाजूंना काळ्या दगडी भिंती, मधून गटाराचं पाणी, वर दांडीवर वाळत घातलेले कपडे. तेव्हा काचेच्या प्लेटवर फोटो काढायचे आणि बोळात उजेड कमी, त्यामुळे लेन्स बराच वेळ उघडी ठेवायला लागायची. जी माणसं हलली ती धुरासारखी आलीत. एखाद्या पोराचे पाय स्पष्ट आणि तोंडाच्या जागी नुसता धूर. मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ तिथून हललेच नाही.

तर झालं असं की एका ऑनलाइन दुकानातून तो फोटो कॅनव्हासवर छापून मागवला. आला तो खालून कापलेला! भिंती आहेत, कपडे आहेत, माणसं गायब. विचारलं तर म्हणे साइज बसवायला क्रॉप करतो, आणि असं जास्त छान दिसतं. मला इतकं लागलं ते की मी तो परतच केला. माणसं काढली की उरतं काय, जुन्या दगडाचं डेकोरेशन.

आणि दुसरं म्हणजे आई. व्हिडिओ कॉलवर तिला फोटो दाखवला. तिचं बालपण वडाळ्याच्या झोपडपट्टीत गेलं, लग्नानंतर लालबागच्या चाळीत आली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "आमच्या झोपडीचा फोटो काढून कोणी आपल्या हॉलमध्ये टांगला असता तर तुला चाललं असतं का गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. ती मे महिन्यात येतेय इकडे.

म्हणून दोन प्रश्न. एक, चांगली प्रिंट कशी करून घ्यायची, मला २४ बाय ३० इंच हवीये. दोन, लावावा का मुळात? खरं काय वाटतं ते सांगा, मला बरं वाटावं म्हणून नको.

निगेटिव्ह_काका

ताई, आधी प्रिंटचं सांगतो. एवढ्या जुन्या फोटोवर कॉपीराइट उरलेला नाही. लॉस एंजेलिसचं गेटी म्युझियम स्वतःच्या संग्रहातले असे फोटो मोठ्या साइजमध्ये फुकट डाउनलोड करू देतं, तिथे अ‍ॅनन शोधा. पण २४ बाय ३० चा हट्ट सोडा. मूळ प्रिंट साधारण ११ बाय ९ इंचाच्या आहेत, स्कॅन ताणलात तर ती धुरातली माणसं आणखी फुटतील. मूळ साइजच ठेवा आणि भोवती चांगला चार इंचांचा पांढरट माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, द्या, भिंत आपोआप भरते. कॅनव्हास नको, कॉटनचा मॅट कागद घ्या. आणि तो मूळचा तपकिरी रंग घालवून काळापांढरा करू नका. जिथे ऊन थेट येतं तिथे लावू नका, बस.

वडाळ्याचा_पक्या

मी अजूनही वस्तीतच राहतो म्हणून बोलतो. इथे पाहुणे कॅमेरे घेऊन येतात, आमच्या नळावरच्या रांगेचे फोटो काढतात, विचारत कोणी नाही. अ‍ॅननच्या फोटोतल्यांनाही कोणी विचारलं नसणार, तो वस्त्या पाडणाऱ्यांसाठी काढला होता. मुंबईत प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला त्यानेही तेच केलं, पाडलं भराभर आणि घरं दिली कमी. ग्लासगोतही पाडलेल्या बोळातली माणसं शेजारच्या वस्त्यांत जाऊन दाटीवाटीने राहिली. तुमच्या आईचा प्रश्न बरोबर आहे. पण तुम्ही माणसं कापलेला फोटो परत केलात हे वाचून मला वाटलं की लावा. फक्त बाथरूमच्या पॅसेजमध्ये नको, बसतो तिथे लावा, आणि खाली जागा नि साल लिहा.

स्वयंपाकघरातून

मला नाही पटत. रोज चहा पिताना कोणाची तरी गरिबी समोर, आणि आलेला माणूस "वा, मस्त फोटो" म्हणणार. आईंना आधी विचारा की तो घरात लावलेला त्यांना चालेल का, त्यांच्या उत्तराआधी खिळा ठोकू नका.

लालबागची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, साइजचं एकदम पटलं, मूळ मापातच करते.

काल आईला पुन्हा फोन केला. तिला सांगितलं की त्या काळी इथे छोट्या खोल्यांच्या दारावर पत्र्याचं तिकीट लावायचे, आत किती माणसं झोपू शकतात त्याचा आकडा लिहिलेलं, आणि रात्री तपासायला यायचे. ती गप्प झाली आणि मग म्हणाली की आमच्याकडेही झोपडीवर नंबर टाकायला माणसं यायची, तुझी आजी त्या दिवशी कामावर जायची नाही, घर मोजायचं राहील म्हणून. हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं!! अर्धा तास बोलत होती. फोटो लाव म्हणाली नाही, लावू नको असंही म्हणाली नाही. म्हणाली आल्यावर बघू.

मग मी आत्ता फक्त प्रिंट आणि फ्रेम करून ठेवते, टांगायचं ती आल्यावर. आमच्या भिंतीला वर फोटो टांगायची जुनी लाकडी पट्टी आहे, पिक्चर रेल म्हणतात ती, ड्रिल करायचं नाहीये. काका, काचेसकट फ्रेम त्या पट्टीच्या हुकवर राहील का, की दोन हुक लागतील?