श्रीलंका : एप्रिलअखेरीस पूर्व किनारा निवडावा की दक्षिण-पश्चिम? (मदत हवी आहे)

नमस्कार. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात आमची कोरडवाहू शेती आहे. येत्या उन्हाळ्यात आई, पत्नी आणि शाळेत शिकणारी दोन मुले यांच्यासह आठवडाभर श्रीलंकेला जाण्याचे ठरवले असून, समुद्रकिनारे पाहणे हाच प्रवासाचा मुख्य हेतू आहे. कोणता किनारा निवडावा हे आमच्या बाबतीत तारखांवर अवलंबून आहे, म्हणून आधी तारखांविषयी लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीत सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन कापसाची वेचणी सुरू झालेली असते आणि पुढे डिसेंबर-जानेवारीत मजुरांची टंचाई व तुरीची सवंगणी यांमुळे घरचा माणूस हलू शकत नाही. मेच्या मध्यापासून वखरणी आणि बियाण्या-खतांची जुळवाजुळव असते. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात खऱ्या, पण शेतकऱ्याला त्या वाढीव सुट्टीचा उपयोग नाही, कारण तेव्हा पेरणी तोंडावर असते. मुलांची परीक्षा संपल्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ तेवढा आमच्या हाती उरतो.

अडचण अशी की, नेमक्या याच काळात श्रीलंकेचा समुद्र कूस बदलतो. नैऋत्य मोसमी पावसाचा काळ तेथे साधारण मे ते सप्टेंबर असतो आणि त्या काळात नेगोंबो, बेंटोटा, हिक्कडुवा, उनावटुना, मिरिस्सा हे पश्चिम व दक्षिण किनारे खवळलेले असतात. त्रिंकोमाली, निलावेली आणि पासिकुडा हे पूर्वेकडचे किनारे मात्र याच महिन्यांत शांत असतात, कारण त्यांचा पावसाळा ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर हिवाळ्यात येऊन गेलेला असतो. एप्रिल हा दोन्हींच्या मधला महिना. या दिवसांत नैऋत्य भागात सकाळी ऊन पडते आणि दुपारनंतर गडगडाटासह सरी येतात, असे वाचनात आले. प्रवासी कंपन्यांच्या बहुतेक सहली कोलंबो, बेंटोटा आणि गॉल अशा मार्गाने जातात. त्या मार्गावर कोलंबोपासून द्रुतगती महामार्ग असल्याने गॉलला दोन-अडीच तासांत पोहोचता येते, तर त्रिंकोमालीला जाण्यास जवळजवळ सहा तास लागतात. केवळ रस्ता सोपा म्हणून खवळलेल्या समुद्राकडे तोंड करून हॉटेलात बसण्यात मला अर्थ वाटत नाही.

म्हणून माझा कल पूर्व किनाऱ्याकडे आहे. निलावेलीसमोरचे पिजन बेट हे राष्ट्रीय उद्यान असून तेथे उथळ पाण्यात प्रवाळ आणि लहान शार्क दिसतात. त्रिंकोमालीत समुद्रावरच्या कड्यावर कोणेश्वराचे मंदिर आहे, त्यामुळे आईचीही सोय होईल. पासिकुड्याचा समुद्र बराच आतपर्यंत उथळ असल्याने मुलांसाठी तो चांगला, असे अनेकांनी लिहिले आहे. आम्ही विहिरीत पोहायला शिकलेली माणसे आहोत. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते, त्यामुळे पोहता येते या भरवशावर मुलांना लाटांमध्ये सोडण्याची माझी तयारी नाही.

जाणकारांनी कृपया पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. मुक्काम निलावेलीला करावा की पासिकुड्याला, की दोन्हीकडे विभागावा? गॉलचा किल्ला पाहण्यासाठी दक्षिणेकडे जाण्याइतका वेळ काढावा का? आई माळकरी असल्याने निव्वळ शाकाहारी जेवण कोठे सहज मिळेल? सेवाग्रामहून रेल्वेने चेन्नई आणि तेथून विमानाने कोलंबो हा मार्ग आम्ही नक्की केला आहे, तेव्हा त्याविषयी प्रश्न नाही.

प्रतिसाद १

आपला कल योग्य आहे. एप्रिलअखेरीस पूर्वेकडचा हंगाम सुरू झालेला असतो. शिवाय सिंहली व तमिळ नववर्ष १३-१४ एप्रिलच्या सुमारास होऊन गेल्याने त्या सुट्टीतली गर्दी आणि बंद दुकाने यांचा त्रास आपल्याला होणार नाही. वैशाखी पौर्णिमा मात्र आपल्या तारखांच्या जवळ येते का, ते पंचांगात पाहून घ्यावे, कारण तेव्हा वेसाकची सार्वजनिक सुट्टी असते आणि रस्त्यांवर फार गर्दी होते.

मुक्काम निलावेली किंवा त्याच्या दक्षिणेला असलेल्या उप्पुवेली येथेच करावा. पासिकुडा लहान मुलांसाठी उत्तम आहे, परंतु तेथे मोठ्या रिसॉर्टांखेरीज फारसे काही नाही आणि दोन दिवसांत कंटाळा येतो. मुलांना हवेच असेल तर परतीच्या आधी एक रात्र तेथे राहावे. पिजन बेटावर सकाळी लवकर जावे, म्हणजे बोटींची गर्दी नसते आणि पाणीही स्वच्छ दिसते. प्रवाळावर पाय ठेवू नये, हे मुलांना आधीच बजावून सांगावे.

गॉलचा किल्ला पाहण्यासारखा आहे यात शंका नाही, पण आठवड्याच्या प्रवासात दोन्ही किनारे बसवले तर अर्धा वेळ गाडीतच जाईल. त्याऐवजी कटुनायकेच्या विमानतळावरून कोलंबो शहरात न शिरता थेट दांबुल्लाच्या रस्त्याला लागावे. वाटेत सिगिरिया या खडकावरच्या प्राचीन किल्ल्याजवळ एक रात्र थांबल्यास त्रिंकोमालीचा लांबचा प्रवास आईंना सोसवेल.

जेवणाबाबत एक खबरदारी घ्यावी. सिंहली पद्धतीच्या भाज्यांत आणि नारळाच्या सांबोलात (चटणीत) सुक्या माशाचा चुरा घालतात, ज्याला तेथे उंबलकडा म्हणतात, आणि वाढणाऱ्याला ते मांसाहारी वाटतच नाही. त्यामुळे नुसते ‘शाकाहारी’ असे न सांगता उंबलकडा नको, असे नाव घेऊन सांगावे. त्रिंकोमालीत तमिळ हिंदू वस्ती मोठी असल्याने इडली, डोसा आणि भात-सांबार देणारी शाकाहारी उपाहारगृहे मिळतात. निलावेलीला मुक्काम करण्याचे हेही एक कारण समजावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. गॉल वगळून सिगिरियाचा मुक्काम घेतो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे सिगिरियाच्या पायऱ्या ती चढणार नाही, परंतु मुलांना तो खडक दाखवता येईल. आता एवढेच विचारायचे राहिले की, पिजन बेटाच्या बोटीत चढताना पाण्यातून चालावे लागते का आणि वयस्कर व्यक्तीला ते जमण्यासारखे आहे का? नसेल तर त्या सकाळी पत्नी आणि आई कोणेश्वराच्या दर्शनाला जातील आणि मी मुलांना घेऊन बेटावर जाईन.