'प्रोबायोटिक'ला 'विरजण' म्हणता येईल का?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका दवाखान्यासाठी मी रुग्णांना द्यायच्या माहितीपत्रकांचं मराठी करते. सध्या प्रतिजैविकांच्या कोर्सबरोबर लिहून देतात त्या कॅप्सूलचं पत्रक हातात आहे आणि 'प्रोबायोटिक'पाशी अडून बसले आहे. पहिल्या मसुद्यात मी 'उपकारक जिवाणू' लिहिलं होतं. ते वाचून सदाशिव पेठेतल्या एका आजींनी विचारलं, "म्हणजे पोटाला विरजण लावायचं, असंच ना?" इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता याची चुटपुट लागली. घरी येऊन विचार करत गेले तशा शंका येत गेल्या, त्या मांडते.

आधी शब्दाचं मूळ. ग्रीक 'बायोस' म्हणजे जीवन, लॅटिन 'प्रो' म्हणजे च्या बाजूने. अँटिबायोटिकच्या उलट टोकाचा हा शब्द. १९६५ साली लिली आणि स्टिलवेल यांनी तो वापरला तेव्हा अर्थ वेगळा होता: एका सूक्ष्मजीवाने स्रवलेला, दुसऱ्याची वाढ करणारा पदार्थ. आज आपण वापरतो तो अर्थ जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये पक्का केला. जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात घेतले असता घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा करणारे. यातला प्रत्येक शब्द अट आहे.

आता विरजण. थंडीत माझी आई दूध तापवून निवत ठेवायची, करंगळी बुडवून बघायची. बोटाला सोसेल इतपत कोमट झालं की वाटीतलं चमचाभर दही त्यात ढवळायची आणि पातेलं जुन्या टॉवेलात गुंडाळून गव्हाच्या डब्यात ठेवायची. सकाळी वरची साय न मोडता पातेलं जरा कलतं करून दही लागलंय का बघायची. कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, हे तिला कुणी जिवाणूशास्त्र शिकवून कळलं नव्हतं. 'जिवंत' ही अट विरजणात पुरेपूर आहे.

अडचण पुढे आहे. घरच्या विरजणात कुठले जिवाणू किती, हे सांगता येत नाही. शेजारणीकडून आणलेल्या विरजणाचं दही वेगळं लागतं ते त्यामुळेच. प्रोबायोटिक म्हणताना मात्र जीवाची जात आणि वाण, दोन्ही ठरलेले असतात आणि फायदाही त्या वाणापुरताच दाखवलेला असतो. शिवाय दह्यातले नेहमीचे जिवाणू जठरातल्या आम्लातून फारसे तगत नाहीत. दुधातली साखर पचायला ते मदत करतात, हे मात्र नक्की. म्हणून 'दही पोटाला चांगलं' हे मी निःशंक लिहीन, 'दही म्हणजे प्रोबायोटिक' लिहिणार नाही.

आणि माझा 'उपकारक जिवाणू' तर चक्क चूक होता. या कॅप्सूलमध्ये सॅकरोमायसिस बोलार्डी आहे आणि ते यीस्ट आहे, जिवाणू नव्हे! म्हणूनच जिवाणू मारणारी प्रतिजैविकं त्याला मारत नाहीत. 'सूक्ष्मजीव' लिहिलं तरच दोन्ही सामावतात.

तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद: विरजण नकोच. 'आनंदावर विरजण पडलं' म्हणतो आपण. रुग्णाला अपशकुनी वाटेल.

माझं उत्तर: मला वाटतं इथे सगळं क्रियापदावर आहे. विरजण 'लावतो' ते हवं म्हणून, 'पडतं' ते नको असताना. खिरीसाठी ठेवलेल्या दुधात आंबट थेंब पडला तर बेत बिघडणारच. दुधाचं काय झालं हे मराठी किती बारकाईने सांगते पाहा: ते विरजतं, नासतं, फाटतं. पहिल्यात माणसाचा हात आहे, उरलेल्या दोन्हींत नाही. आजी 'लावायचं' म्हणाल्या होत्या.

प्रतिसाद: मग इडली, ढोकळा, कढी यांचं काय? सगळीकडे प्रोबायोटिक म्हणून लिहितात.

माझं उत्तर: ते 'आंबवलेले पदार्थ', तेवढंच म्हणावं. पीठ आंबताना सूक्ष्मजीव जिवंत असतात, वाफेवर मरतात. कढीतही ताक उकळतं. पचायला हे पदार्थ हलके असतील, पण जिवंतपणाची अट तुटली. जेवणानंतरचं गार ताक त्यांपेक्षा जवळचं.

प्रतिसाद: अँटिबायोटिकला 'प्रतिजैविक', तसं 'प्रजैविक' करा. सुटसुटीत आहे.

माझं उत्तर: ऐकायला छान आहे, पण औषधाच्या दुकानात 'प्रति' आणि 'प्र' यांत गल्लत होईल, आणि दोन्ही गोळ्या एकाच पिशवीत असतात. त्यात 'प्रीबायोटिक' वेगळंच, म्हणजे त्या सूक्ष्मजीवांचं खाद्य: कांदा, लसूण यांतले न पचणारे तंतू. त्याला मी 'आतड्यातल्या सूक्ष्मजीवांचं आंबोण' म्हणेन. गोठा पाहिलेल्याला लगेच कळेल.

सध्या पत्रकात असं ठरवलं आहे: "ही कॅप्सूल प्रोबायोटिक आहे, म्हणजे यात जिवंत सूक्ष्मजीव आहेत. विरजणासारखेच तेही कढत दुधात किंवा चहात मरतात, म्हणून साध्या पाण्याबरोबर घ्या. प्रतिकारशक्ती फार कमी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा." मूळ शब्द तसाच ठेवला आहे, विरजण फक्त उपमेला घेतलं.

आता पुढचं वाक्य अडलंय. "तुमची आतडी" लिहू की "तुमचा कोठा"? आजींच्या पिढीला कोठा लगेच कळतो, पण त्यांच्या नातवंडांना?