अनुभव धागा : निरीक्षणगृहातून सुटल्यावर मुलांच्या औषधपाण्याचं काय?

मी समुपदेशक आहे. निरीक्षणगृहातून, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांना ठेवतात तिथून, जामीन झाला की पोरगं घाईत बाहेर पडतं. आईच्या हातात आदेशाची प्रत असते, औषधाची चिठ्ठी आतल्या फाइलमध्येच राहते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ ते २१ वयासाठी अनुरक्षण, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरचा आधार आहे, पण पंधरा दिवसांत घरी परतणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाकडे कोण बघणार? तुमचे अनुभव लिहा. मुलाचं नाव, गाव नको.

एक मावशी
भाच्याला लहानपणापासून फिट येतात. आत दोन्ही वेळा गोळी मिळायची, हे खरं. सुटला शुक्रवारी संध्याकाळी. पिशवीत कपडे आणि पट्टीत तीन गोळ्या, नावाचा भाग फाटलेला. सोमवारपर्यंत पुरवायच्या म्हणून मी दिवसाला एकच दिली. रविवारी पहाटे मोरीत पडला, ओठ फुटला. फिटची गोळी अशी कमी किंवा एकदम बंद करायची नसते, हे नंतर कळलं. आधी माहीत असतं तर रात्रीच सिव्हिलला नेलं असतं.

आरोग्यसेविका
टीबी असेल तर निक्षय आयडी, म्हणजे टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक, लिहून घ्या. त्यावर दुसऱ्या गावच्या आरोग्य केंद्रातही पुढचं औषध मिळतं. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. खोकला थांबला की पोरं सोडतात. पोषणाचे महिना १००० रुपये खात्यात येतात. माझ्याकडच्या मुलाचं खातंच नव्हतं. हे काम सुटकेआधी व्हायला हवं, नंतर कोण धावणार?

वय २०
मी सतराव्या वर्षी आत होतो. थिनरची सवय होती. बाहेर आल्यावर चाव्यांचा आवाज आला की झोपेतून उठून बसायचो. आईला वाटायचं, परत नशा करतोय. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीत मॅडमनी आधी विचारलं, "जेवलास का?" केस कुठली ते विचारलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा गेलो. रात्री फारच वाटलं तर १४४१६ ला फोन करा, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

समुपदेशक
मावशी, प्रत्येक मुलाची आरोग्य नोंद संस्थेला ठेवावीच लागते. सुटकेच्या दिवशी तिची झेरॉक्स मागा, अडून बसा. भाचा कसा आहे?

एक मावशी
बरा आहे. गोळी मीच देते. पट्टीवर नाव असतं ना, त्या बाजूची गोळी शेवटी काढते.