सल्ला हवा: आर्क्टिक समुद्रातील जहाजे आणि तिथल्या नव्या वसाहतींची जुनी छायाचित्रे

हिमरेषा:
डोंबिवलीतील आमच्या वाचनालयाच्या छायाचित्रप्रेमी गटासमोर तासाभराचा कार्यक्रम सादर करायचा आहे. १८८० ते १९२० या काळात उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात ये-जा करणारी जहाजे आणि त्या किनाऱ्यांवर उभी राहिलेली नवी गावे, असा विषय मनात आहे. आंतरजालावर चित्रे भरपूर मिळतात, परंतु एकच छायाचित्र तीन ठिकाणी तीन वेगळ्या नावांखाली आढळते, त्यामुळे कोणावर विश्वास ठेवावा हे कळत नाही. सगळा आर्क्टिक एका तासात मावणार नाही हेही उघड आहे. एखादे गाव किंवा एखादे जहाज निवडायचे झाल्यास कोणते निवडावे, आणि त्याची विश्वासार्ह छायाचित्रे कुठे पाहावीत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

काचपट्टी:
तुम्ही अलास्कातील नोम हे गाव घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. काटेकोरपणे पाहिले तर ते आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला आहे, पण तिथला समुद्र वर्षातील अनेक महिने गोठलेला असतो. मुख्य म्हणजे तुम्हाला हवे असलेले दोन्ही विषय तिथे एकाच चौकटीत सापडतात. १८९८ मध्ये जवळच्या अॅन्व्हिल ओढ्यात आणि पुढच्या वर्षी थेट समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत सोने सापडले, आणि १९०० च्या जनगणनेत नोमची लोकसंख्या १२,४८८ भरली. गावाला बंदर नव्हते आणि किनाऱ्यालगतचे पाणी उथळ होते, त्यामुळे जहाजे दूर नांगरून माणसे आणि माल पडावांतून उतरवावा लागे, जसा पूर्वी कोकण बोटींचा उतारू किनाऱ्यावर येत असे. भोवतालच्या टुंड्रा प्रदेशात झाडे नसल्याने घरासाठी लागणारी फळीन् फळी समुद्रमार्गे आणावी लागली. म्हणून १९०० च्या उन्हाळ्यातील छायाचित्रांत मागे जहाजांची रांग, मध्ये पडाव आणि पुढे लाकडे, यंत्रे, पिंपे व तंबू यांचा ढीग दिसतो. त्याच सप्टेंबरात आलेल्या वादळाने यातील बराचसा ऐवज धुऊन नेला.

छायाचित्रकारांपैकी एरिक हेग, बेव्हर्ली डॉब्स, फ्रँक नॉवेल आणि लोमेन बंधू ही नावे लक्षात ठेवा. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे ग्रंथालय, फेअरबँक्स येथील अलास्का विद्यापीठाचे अभिलेखागार आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्या संग्रहांपासून सुरुवात करावी. मात्र एक सावधगिरी बाळगा. लोमेन यांनी १९०८ मध्ये डॉब्स यांच्या काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या, आणि त्या काळात विकत घेतलेल्या काचेवर स्वतःचे नाव घालून प्रती विकणे सर्रास चाले. तेव्हा छायाचित्रावरचे नाव बहुधा विक्रेत्याचे असते, कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाचे असेलच असे नाही. १९३४ च्या आगीत नोमचा व्यापारी भाग जळाला आणि त्यात लोमेन यांच्या काचेच्या निगेटिव्हही मोठ्या प्रमाणावर गेल्या, त्यामुळे मूळ काच पाहून शहानिशा करण्याची सोय अनेकदा उरलेली नाही.

जुनेगलबत:
नोमला माझी हरकत नाही, पण त्याच्या जोडीला ‘बेअर’ हे जहाज घ्याच. स्कॉटलंडमधील डंडी येथे १८७४ मध्ये सील-शिकारीसाठी बांधलेले हे जाड लाकडी कवचाचे जहाज अमेरिकी सरकारने ग्रीली यांच्या आर्क्टिकमध्ये अडकलेल्या मोहिमेच्या सुटकेसाठी १८८४ मध्ये विकत घेतले, आणि पुढे ते महसूल खात्याचे गस्ती जहाज म्हणून अलास्काच्या किनाऱ्यावर राहिले. १८९७ च्या हिवाळ्यात अलास्काच्या उत्तर टोकावरील पॉइंट बॅरोजवळ देवमाशांची शिकार करणारी जहाजे बर्फात अडकली, तेव्हा याच जहाजावरून उतरलेले अधिकारी जार्व्हिस व बर्थोल्फ आणि डॉक्टर कॉल सुमारे १५०० मैलांचा प्रवास करून, सुमारे ४०० रेनडिअरांचा कळप हाकत तिथवर पोहोचले. कॉल यांनी या प्रवासात छायाचित्रेही काढली आणि ती मोहिमेच्या सरकारी अहवालाबरोबर पाहता येतात.

एक गोष्ट मात्र तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. हेच जहाज १९३३ ते १९३५ मध्ये अमेरिकी संशोधक बर्ड यांच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेले होते, आणि बर्फात उभ्या असलेल्या ‘बेअर’ची काही छायाचित्रे दक्षिण ध्रुवाकडची असूनही अलास्काच्या नावाने फिरतात. चित्रात पेंग्विन दिसले तर प्रश्नच मिटतो, पण दर वेळी ते इतके सोपे नसते.

वास्कोकर:
बर्फाळ प्रदेशातील वसाहत म्हणजे केवळ सोने नव्हे, हेही दाखवावे असे वाटते. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यू-ओलेसुंद हे कोळशाच्या खाणीसाठी १९१६ नंतर वसलेले गाव आहे; १९६२ च्या स्फोटात २१ कामगार मरण पावल्यावर खाण बंद झाली आणि पुढे तिथे संशोधनकेंद्रे आली. आमच्या वास्कोतील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे ठाणे २००८ पासून तिथेच आहे. जुनी छायाचित्रे ट्रोम्सो येथील नॉर्वेजियन ध्रुवीय संस्थेकडे मिळतील.

हिमरेषा:
सर्वांचे आभार. नोम आणि ‘बेअर’ ही जोडी पक्की करतो आणि न्यू-ओलेसुंद दुसऱ्या कार्यक्रमासाठी राखून ठेवतो. स्थानिक इनुपिआत लोकांची छायाचित्रे मोठ्या संख्येने दिसतात. ती घ्यावीत का?

काचपट्टी:
घ्यावीत, पण निवडून. पाटीवर केवळ ‘एस्किमो मुलगी’ असे लिहिलेली, पडद्यासमोर बसवून काढलेली छायाचित्रे विक्रीसाठी तयार केलेली होती. ती दाखवायची असतील तर तसे स्पष्ट सांगावे. त्यापेक्षा किनाऱ्यावरची कातडी होडी, मासे वाळवण्याचे मांडव, मालाची ने-आण करणारी माणसे असे कामाचे प्रसंग निवडा. १९०० च्या उन्हाळ्यात गोवर आणि इन्फ्लुएन्झाच्या साथीने या लोकांची मोठी हानी केली. गर्दीच्या किनाऱ्याचे छायाचित्र पडद्यावर असतानाच हे सांगितले पाहिजे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट: पडद्यावर नीट बसावे म्हणून चित्राच्या कडा कापू नका. काचेवर शाईने लिहिलेला क्रमांक आणि मजकूर छापील प्रतीत पांढऱ्या अक्षरांत सहसा खालच्या कडेलाच उमटतो, आणि त्याच क्रमांकावरून दोन संग्रहांतील प्रती जुळवता येतात.